जाड कागदाची चिठ्ठी

आमच्या मंडळीत वर्षातून दोनदा तरी मला साक्ष द्यायला सांगतात, आणि दोन्ही वेळा मी खोकल्याचं निमित्त करते. निवृत्त परिचारिका, पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली, केस पांढरे झालेले. असं माणूस उभं राहून प्रभूने आपल्याला कसं सांभाळलं ते सांगेल तर तरुणांना बरं, असं पाळकांना वाटतं. पण साक्षीचा एक ठरलेला साचा असतो. आधी माणूस चुकतो, मग रडतो, मग सगळं देवाच्या हाती सोपवतो, आणि मग त्याचं सगळं नीट होतं. शेवटी लोक ‘आमेन’ म्हणतात आणि चहा होतो. माझं तसं झालं नाही. मी सोपवलं ते दातओठ खात, दुसरा इलाज उरला नाही म्हणून, आणि आजही गॅसची शेगडी दोनदा तपासल्याशिवाय प्रार्थनेला माझे डोळे मिटत नाहीत. तेव्हा जे साक्षीत बसत नाही ते इथे लिहून ठेवते.

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात आमचं गाव. घरात मावची बोलायचो. आईला याहा म्हणायचो, वडिलांना आबा. ते बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे, नाहीतर माझ्या सुनेलासुद्धा वाचता यायचं नाही. घर कुडाचं, वर कौलं, मधोमध शेणाने लिंपलेली भाताची कणगी, आणि दाराशेजारी डालग्याखाली कोंबड्या. सकाळी तीन आवाज व्हायचे आणि ते नेहमी त्याच क्रमाने व्हायचे. आधी लांबून मालगाडी जायची. मग चर्चच्या आवारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कोणीतरी लोखंडाने ठोकायचं, ती आमची घंटा. आणि मग आबांची प्रार्थना सुरू व्हायची. ती संपेपर्यंत चहा निवून जायचा, कारण आबा गावातल्या एकेका आजाऱ्याचं नाव घ्यायचे, मग शेजारच्यांचं, मग आमच्या दोन्ही बैलांचं. बैलांची नावं येईपर्यंत माझी दोन धाकटी भावंडं डुलक्या घ्यायला लागायची. मी जागी असायची आणि कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली पातेलं सरकवत असायची.

कारण आबांचं उत्तर ठरलेलं होतं. कौल फुटलं आहे? प्रभूच्या हातात आहे. कोंबड्यांना रोग लागला? प्रभू बघेल. मी सतरा वर्षांची, तालुक्याच्या शाळेत बारावी झालेली, डोक्यात सतत यादी चाललेली मुलगी. मला ते ऐकून अंगाची आग व्हायची. शाळेत शिकलेली म्हण मी एकदा रागाने त्यांच्या तोंडावर फेकली, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. ते जोरात हसले आणि म्हणाले, “खाटल्याची दोरी सैल झालीय, तेवढी आधी आवळून घे.” त्यांच्याशी नीट भांडताही यायचं नाही. शेवटी मीच शिडी लावून कौल बदललं आणि खाली उतरून खाटेची दोरीही आवळली.

त्या उन्हाळ्यात याहाचं पिशवीचं ऑपरेशन झालं. सहा महिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. बजावल्याने ऐकणारी बाई नव्हती ती. मी पाठ वळवली की हंडा उचलायला जायची. म्हणून स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं आणि ती खाटेवर बसून हुकूम सोडायची. माझ्या तांदळाच्या भाकरी काठाला फुटायच्या. “उकड गरम असतानाच मळ,” ती तिथून सांगायची, आणि माझे हात पोळायचे. उडदाची डाळ, मिरचीची चटणी, कधी भावंडांनी नाल्यातून धरून आणलेले खेकडे, पावसात कोवळ्या बांबूची भाजी. त्या भाजीच्या आंबूस वासाने अजूनही मला आधी भूक लागते आणि मग चिडचिड होते. हंड्याची पाळत, भावंडांची दप्तरं, आबांचा निवलेला चहा, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे आणि मी हात काढला तर हे घर कोसळेल, अशी माझी पक्की खात्री होती.

आता चिठ्ठ्यांची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. आमच्या वस्तीत नऊ घरं विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती. भाताची लावणी नऊही घरं मिळून करायची. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, प्रत्येक घरातून एक बाई. पुरुषांनी चिखल करायचा, रोपांच्या जुड्या वाहायच्या. रांगेत वाकून लावायचं ते बायकांनीच. पूर्वी पहिली पाळी कोणाची यावरून म्हणे विळे निघाले होते, म्हणून कोणा जुन्या पाळकांनी चिठ्ठ्या घातल्या. उपासना झाली की दानाची लाल मखमली थैली रिकामी करायची, तिच्यात नऊ घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि हन्नाआजीने एकेक काढायची. हन्नाआजीचे डोळे लहानपणी देवी आल्या त्यात गेले होते. जिला दिसत नाही तिच्या हातात कपट नाही, असं लोकांचं म्हणणं. चिठ्ठी निघेल तो प्रभूचा शब्द, त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही. आणि त्या चिठ्ठ्या तीन वर्षांपासून मी लिहीत होते. पाळकबाई, म्हणजे पाळकांची बायको, मूळच्या म्हसावदच्या, त्यांची बोली आमच्याहून वेगळी. पहिल्या वर्षी त्यांनीच माझ्या हातात कागद दिला होता. “तूच लिख वं बेटा,” म्हणाल्या होत्या, “तुन्हं अक्षर चांगलं शे.”

जुलैत मला पत्र आलं. धुळ्याच्या बाजूच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंगला माझी निवड झाली होती. हजर व्हायचा दिवस बुधवार, आणि तो चिठ्ठ्यांच्या रविवारपासून दहाव्या दिवशी येत होता. नऊ घरांची लावणी म्हणजे दोन आठवड्यांच्या वर काम. आमची पाळी पहिल्या तीनांत आली तर मी असताना आमची लावणी होणार. मागे पडली तर आमच्या घरातून रांगेत उभी राहणारी बाई एकच उरत होती, आणि तिला वाकायची बंदी होती. दुसऱ्यांच्या वावरातले दिवस आबा चिखलकामाने फेडू शकले असते, पण स्वतःच्या शेतात घरची बाई रांगेत हवीच, अशी रीत होती. याहा गप्प बसणार नाही, वाकणार, टाके उसवणार, हे मला ढळढळीत दिसत होतं. किंवा तसं होऊ नये म्हणून आबा म्हणतील, पुढच्या वर्षी जा, प्रभूची इच्छा. मला तर हे दुसरं जास्त भीतीचं वाटत होतं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं.

मी आबांच्या मागे लागले. “बाकीच्यांना सांगा ना, यंदा आम्हाला पहिली पाळी द्या म्हणून. याहाचं सगळ्यांना माहीत आहे.”

ते बैलाच्या पायातला काटा काढत होते. “चिठ्ठी आहे ना,” म्हणाले.

“चिठ्ठी म्हणजे काय, कागदच आहे.”

“कागद प्रभूच्या हातात आहे.”

“कागद माझ्या हातात आहे, आबा. मीच लिहिते.”

ते हसले आणि पुन्हा काट्याकडे वळले. माझं वाक्य मात्र माझ्याच डोक्यात राहून गेलं. मी स्वतः जाऊन बायकांना का सांगितलं नाही, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मागायची मला सवय नव्हती. मागितलं की समोरचा नाही म्हणू शकतो. त्यापेक्षा करून मोकळं व्हावं, हे मला बरं वाटायचं. तो स्वभाव मी पुढे वॉर्डात नेला, लग्नात नेला, आणि माझ्या माणसांनी तो कसा सोसला ते त्यांनाच ठाऊक.

तीन वर्षं मी हन्नाआजीच्या शेजारी उभी राहत होते, तेव्हा तिची बोटं मला पाठ होती. पावसाच्या हवेत वहीचा कागद मऊ पडतो, चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात. ती बोटांनी चाचपत जायची आणि जी सुटी लागेल ती उचलायची. शनिवारी मी आठ चिठ्ठ्या वहीच्या पानाच्या केल्या आणि नववी, आबांचं नाव ‘शिमोन’ लिहिलेली, भिंतीवरच्या खतदुकानाच्या कॅलेंडरातून कापली. गुळगुळीत, जाड कागद. मागच्या महिन्याचं पान, कोणाला गरज नव्हती. कापताना लाज वाटली नाही. उलट बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट होतंय असं वाटत होतं.

रविवारी आजीने थैलीत हात घातला. आतल्या आत बोटं फिरत होती ती मखमलीवरून दिसत होती. एका जागी ती थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. मला वाटलं, संपलं. मग तिने चिठ्ठी बाहेर काढली, पाळकांनी उलगडून वाचली, “शिमोन.” मी आबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, नम्रतेने. मनातल्या मनात म्हटलं, बघा, तुमचा प्रभू आणि माझं कॅलेंडर.

सोमवार-मंगळवार आमची लावणी झाली. अंगावर खताच्या गोणीच्या खोळी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि चर्चमधल्या गाण्याच्या चालीवर एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घालून चाललेली थट्टा. माझ्या ओळी सरळ. बाकीच्यांच्या वाकड्या गेल्या की मी टोकायची, तेव्हा लेआकाकी, आमच्या शेजारची, धिप्पाड बाई, म्हणाली, “अगं, भाताला काय शाळेत बसवायचंय?” सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दोन दिवसांत मी जितकी हसले तितकी त्या वर्षात हसले नव्हते. आबा मात्र खालच्या बांधावर एकटेच फावडं घेऊन घाईने माती ओढत होते. “दोन दिवस अजून मिळायला हवे होते,” ते पुटपुटले. मी म्हटलं, “आता कशाला? झालं सगळं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत माती ओढायला लागले.

गुरुवारी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. डोंगरात सकाळपासून अंधारून आलं होतं, पण आमच्याकडे नुसती भुरभुर. आधी नाल्याचा आवाज आला. नेहमीची खळखळ नव्हे, जडसा, लांबून येणारा. याहा खाटेवरून म्हणाली, “खालचा बांध,” आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले. आमचं शेत सगळ्यांत खालचं, नाल्याला लागून. मी पोचले तेव्हा बांध दोन ठिकाणी फुटला होता आणि तांबडं पाणी आमच्या वावरातून सरळ चाललं होतं. लावून तिसरा दिवस, रोपाने अजून मूळ धरलं नव्हतं. हिरव्या काड्या पाण्यावर तरंगत चालल्या होत्या, माझ्या सरळ ओळींतल्या आणि लेआकाकीच्या वाकड्या ओळींतल्या, सगळ्या सारख्याच. मी पाण्यात उतरून दोन्ही हातांनी त्या धरायला लागले. आबांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

आम्ही वरच्या बांधावर बसलो. पायांवरचा चिखल निपटत ते म्हणाले, “आपलं शेत खालचं. आपली पाळी उशिरा आलेली बरी असते. पहिला पूर निघून जातो, तोवर बांध घालून होतो. यंदा शेवटची निघो म्हणून मी महिनाभर प्रार्थना करत होतो.”

“आणि याहा? ती वाकली असती ना?”

“मी उभा राहणार होतो रांगेत. हसल्या असत्या बायका. हसू दे.”

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला पश्चात्ताप झाला नाही, संताप आला. हा माणूस महिनाभर देवाशी बोलत होता आणि एका घरात राहणाऱ्या मुलीशी एक वाक्य बोलला नव्हता. “मला का नाही सांगितलंत?” मी ओरडले. “प्रभूला सांगितलं, मला का नाही?”

“तू विचारलंस का?” ते म्हणाले. “तू मला काय करायचं तेवढं सांगतेस. विचारत नाहीस.”

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. त्याच तिरमिरीत मी चिठ्ठीचं सांगून टाकलं. कॅलेंडर, कात्री, सगळं. मला वाटलं ते मारतील, निदान रडतील, निदान प्रार्थना करतील. ते पाण्याकडे बघत राहिले. “मला सांगून काय उपयोग?” म्हणाले. “हात हन्नाचा होता. तिला सांग.”

हन्नाआजी ओटीवर सूप घेऊन उडीद निवडत बसली होती. डोळसांपेक्षा तिचे उडीद स्वच्छ असायचे. मी समोर बसले. “आजी, रविवारची ती चिठ्ठी—”

“जाड होती,” ती म्हणाली.

 मी म्हटलं, “तुला कळलं होतं? मग काढलीस कशाला?”

“कोणाची ते कळलं नव्हतं. नऊ घरांत कोणाचं तरी फार अडलंय आणि त्याच्याने बोलवत नाही, एवढं कळलं. म्हटलं, काढू.” तिने एक खडा बाजूला टाकला. “नाव वाचल्यावर घर कळलं. काम तुझं होय?”

“मी खोटं केलं, आजी.”

“केलंस. नऊ बायकांची दोन दिवसांची कंबर पाण्यात घातलीस. रविवारी उभी राहून सांग. आणि काय हवं ते तोंडाने माग. कागद कापायला वेळ मिळाला, तोंड उघडायला नाही मिळाला?”

ती मला जवळ घेईल, डोक्यावर हात ठेवेल, असं काहीसं मी मनात धरून गेले होते. तिने अर्धे उडीद माझ्यापुढे लोटले. ते निवडून होईपर्यंत मी तिथेच बसले, आणि मी निवडलेल्या ढिगातून तिने परत चार खडे काढले.

रविवारी मी उभी राहिले. काय बोलले ते धड आठवत नाही. चिठ्ठीचं सांगितलं, माफी मागितली, आणि मग म्हटलं, “मी मंगळवारी जाणार आहे. आमच्याकडे रोप नाही. आमची लावणी पुन्हा करून द्या.” ‘द्या’ हा शब्द तोंडातून काढायला मला जेवढं बळ लागलं तेवढं पुढे पहिलं बाळंतपण करतानाही लागलं नाही.  मग लेआकाकी म्हणाली, “दोन दिवस आमच्या कंबरा गेल्या त्याचं काय?” बरोबरच होतं.  पाळक म्हणाले, “आपण प्रार्थना करू.” मला त्यांचाही राग आला. विषय बुडवायचा असला की लोक डोळे मिटतात, असं मला वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं. बाहेर चपला घालताना बायका म्हणाल्या, “बघू.” एकजण म्हणाली, “रोप उरलं तर बघू.” पाळकबाईंनी गालावरून हात फिरवला, “तू जाय बेटा. आम्ही शेतस ना.” आम्ही आहोत ना, असं. पण त्यांची स्वतःची शेती नव्हती, त्यांच्या शब्दावर भात उगवणार नव्हता. हो कोणी म्हणालं नाही, नाही कोणी म्हणालं नाही. या एका ‘बघू’वर मी घर सोडायचं होतं.

सोमवारचा दिवस मी यादी लिहिण्यात घालवला. याहाने काय उचलायचं नाही, गोळी कधी घ्यायची, कोंबड्यांना काय घालायचं. यादी दाराला चिकटवली. मंगळवारी सकाळी आबा माझी पेटी खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आले. वाटेत आमचं वावर लागलं. नुसता चिखल, त्यात बगळे. मी थांबले. “कोण लावणार, कधी लावणार, काहीतरी सांगा, आबा. याहा वाकली तर?”

मी ‘प्रभूच्या हातात आहे’ ऐकायची तयारी करूनच विचारलं होतं. भांडायला बरं झालं असतं. ते म्हणाले, “माहीत नाही गं.” मग पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “मला तरी कुठे झोप लागते?”

सतरा वर्षं मी समजत होते की या माणसाला काळजीच नाही, म्हणून तो देवावर टाकून मोकळा होतो. काळजी त्याला माझ्याएवढीच होती. फक्त ती घेऊनही तो पाऊल पुढे टाकायचा. मला ते येत नव्हतं. गाडी आली, पेटी टपावर चढली, कंडक्टरने घाई केली, “चाल माय, बैस लवकर.” खिडकीतून आबा दिसेनासे झाल्यावर मी प्रार्थना केली. चांगली प्रार्थना नव्हती ती. मी म्हटलं, हे मला पटलेलं नाही. पण मी निघाले आहे, परत फिरून बघायला मला आता येत नाही. तेव्हा तू बघ. ‘आमेन’ म्हणायचं राहून गेलं. नाताळपर्यंत घरून पत्रच नव्हतं, आणि मी दर दुपारी टपालवाल्यावर चिडत होते.

नाताळला घरी आले तेव्हा लावणीचं कळलं. सगळ्यांची झाल्यावर, तीन आठवडे उशिरा, आठ घरांचं उरलेलं रोप आमच्या वावरात लागलं होतं. पहिली जुडी लेआकाकी घेऊन आली होती, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कमरेवर हात ठेवून कुरकुरत होती म्हणे. आबा बायकांच्या रांगेत वाकले होते. त्यांची ओळ इतकी तिरपी गेली की त्यावरून गावात महिनाभर करमणूक झाली. “आणि तू?” मी याहाला विचारलं.

“मी बांधावर बसले होते.”

“खरं सांग.”

“एक ओळ लावली,” ती म्हणाली. “अर्धी.”

पीक निम्मंच आलं होतं. त्यात आठ घरांचं रोप म्हणजे आठ जातींचं, कोणाचं उशिरा पिकणारं गरवं, कोणाचं लवकर पिकणारं हळवं. एक पट्टा पिकून झडायला लागला तरी शेजारचा हिरवा. याहा-आबांना ते तुकड्या-तुकड्याने कापावं लागलं. घरात तो तांदूळ एकत्र झाला, मग भातात निम्मे दाणे शिजून गिच्च आणि निम्मे कच्चे. मी पहिल्या घासालाच तोंड वाकडं केलं. आबा मजेत जेवत होते. मला काही सुखाने डोळ्यांत पाणी आलं नाही. दाताखाली कच्चा दाणा येत होता आणि मी चिडून चावत होते. पण ताट मी पुसून खाल्लं, आणि परत वाढून घेतलं.

शेत वाहून गेलं ती माझ्या चिठ्ठीची शिक्षा, असं त्या काळी काहींनी म्हटलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आता तर मुळीच पटत नाही. बांधाला माती कमी पडली म्हणून शेत गेलं, आणि ती टाकायचे दिवस मी खाल्ले. देवाला त्यात ओढायचं कारण नाही. त्याला ओढायचंच तर त्या ‘बघू’त ओढावं. पण हेही मी रोज मानते असं नाही. पस्तीस वर्षांत मी दुसऱ्या परिचारिकेने केलेला बिछाना पुन्हा उलगडून केलेला आहे. मुलाच्या नोकरीचा अर्ज त्याच्या नकळत दुरुस्त केलेला आहे. सोपवणं मला एकदा जमलं आणि कायमचं आलं, असं झालं नाही. दर वेळी ती पेटी नव्याने टपावर चढवावी लागते.

आता मी गावातच राहते. बऱ्याच घरांनी लावणीला मजूर धरले आहेत, काही घरं सुरतेकडे कामाला गेली. एकत्र लावणी करणारी पाच घरं उरली आहेत, पण चिठ्ठ्या अजून निघतात. गेली दोन वर्षं त्या मला काढायला लावतात, वयाने मी मोठी आणि मोतीबिंदूने एक डोळा पुरता धूसर म्हणून. यंदा पाळकांनी थैली पुढे केली. मी हात घातला. मऊ, मऊ, आणि मग एक जाड. लग्नपत्रिकेचा कागद असावा, त्यावरची उठावाची नक्षी बोटांना लागत होती. माझ्यातली जुनी वॉर्डची बाई ताडकन उठली. वाटलं, ही वर धरावी, सगळ्यांसमोर विचारावं, कोणाचं हे काम, आणि दहा मिनिटं खडसावावं, तोंड नाही का तुम्हाला. राग तर इतका आला की हात थैलीतच राहिला.

मग ती काढली, न उलगडता पाळकांच्या हातात दिली आणि मान खाली घालून थैलीची दोरी आवळत बसले. नाव वाचलं ते कानांवर पडलं. वर बघून कोणाचा चेहरा कसा झाला ते पाहायची फार इच्छा झाली. पाहिलं नाही. त्या संध्याकाळपासून रोज सूपभर उडीद घेऊन ओटीवर बसते, कोणी येतं का बघत. दोन रविवार झाले. अजून कोणी आलेलं नाही. उडीद निवडून संपत आले आहेत.